हौद्याचा डावा कोपरा

१

“मालक, एक विचारू का?” टायरवाला उकिडवा बसून पिकअपच्या मागच्या डाव्या टायरवर तळवा फिरवत होता. “तीन टायर चांगले आणि हा एकटाच टकला. हे कसं काय?”

“हवा भर,” बाबा म्हणाले.

“भरतो हो. पण मागच्या खेपेलापण हाच बदलला आपण. एक्सल सरळ, पाटे सरळ. आणि आता बघा, रिकामी गाडी, तरी हा कोपरा बसलेलाच. हौद्यात काय सासुरवाडी घेऊन फिरता काय?”

“हवा भर. तोंडानं भरत नाहीत हवा.”

टायरवाला खो खो हसला आणि बाबांच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाकडे बघून त्यानं डोळा मारला. मुलगा हसला नाही. त्याला सगळे इंजिनियर म्हणायचे. नाव बाबांनीच ठेवलेलं. कॉलेज अर्ध्यात सोडून तो घरी आला, त्या दिवशी ताटावरून मान वर न करता ते म्हणाले होते, “या इंजिनियर, बसा.” आईला हसू आलं, दादाला आलं, आणि काही दिवसांत गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही आलं. तेव्हापासून तो बाबांच्या पिकअपवर होता. लोकांची बिऱ्हाडं चढवायची, उतरवायची आणि बोलणी खायची. दादा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात जायचा. दादाला बाबांनी या गाडीच्या पायरीवरही कधी पाय ठेवू दिला नव्हता. दादा शहाणा होता. दादा ऐकायचा. घरातली चांगली चीज कपाटात आणि भंगार पिकअपमध्ये, इतकी साधी व्यवस्था होती ती.

बाबांच्या गाडीवर दोन नियम होते. पहिला थापांचा. काम करताना ओरडायचं नाही, पत्र्यावर ठोकायचं. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे खाली सोड, मग ते कपाट असो, दोर असो नाहीतर जॅक असो. थाप वाजली की करायचं. “का” विचारायचं नाही, “तुम्हीच वाजवली ना” असं विचारायचं नाही, मागे वळून बघायचं तर मुळीच नाही.

दुसरा नियम त्याहून बिनडोक होता. हौद्याचा मागचा डावा कोपरा मोकळा ठेवायचा. तिथे फक्त ताडपत्रीची घडी. गाडी शिगोशीग भरलेली असली, बारकं सामान पोटाशी धरून कॅबिनमध्ये बसावं लागलं, तरी तो कोपरा मोकळा.

“का पण?” इंजिनियरनं सुरुवातीला विचारलं होतं.

“तुझे आजोबा मोकळा ठेवायचे म्हणून.”

आजोबांचीही पिकअप होती. जॅक सरकला आणि गाडीखाली सापडून ते गेले, एवढंच घरात बोललं जायचं. म्हणजे ज्या माणसाला स्वतःचा जॅक सांभाळता आला नाही, त्याचे नियम हे घर अजून पाळत होतं. इंजिनियरनं हे एकदा तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. त्या दिवशी बाबांनी जेवणाचं ताट सरकवलं आणि उठून गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२

टायरमध्ये हवा भरली त्या दिवशी एका बाईंचं बिऱ्हाड हलवायचं होतं. बाबा वर कपाटाच्या काचा कागदात गुंडाळत होते आणि इंजिनियर खाली एकटा हौदा भरत होता. शेवटी वॉशिंग मशीन उरलं. ते ठेवायला एकच जागा होती.

त्यानं घडी केलेली ताडपत्री उचलून पुढे फेकली आणि मशीन डाव्या कोपऱ्यात सारलं. वर दोर आवळला. इतकं घट्ट सामान त्यानं आजवर कधी लावलं नव्हतं. कुठे बोट शिरायला जागा नाही.

बाबा काचा घेऊन खाली आले आणि हौद्याच्या मागच्या झडपेशी, फाळक्याशी थबकले.

“काढ ते.”

“ते दुसरीकडे बसवायला सगळं उतरवावं लागेल मग. बाई रिक्षानं पुढे गेल्यासुद्धा.”

तो शिव्यांची वाट बघत उभा राहिला. उत्तरं तयार होती त्याच्याकडे, बरीच. पण बाबांनी काचा त्याच्या हातात दिल्या, मशीनच्या झाकणावर अलगद तळवा टेकवला, गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडला की आपण टेकवतो तसा, आणि गाडीत जाऊन बसले.

रस्ताभर त्यांनी रेडिओ लावला नाही. समोरच्याला शिवी हासडली नाही. इंजिनियरला वाटलं, जिंकलो. मग वाटलं, म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही की काय.

नवं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. गाडी थांबते न थांबते तोच बाई गॅलरीतून ओरडल्या, “अहो, आधी त्या माणसाला उतरवा! मशीनवर काय बसलाय तो? झाकण दबेल माझं!”

इंजिनियरनं वर पाहिलं, मागे पाहिलं. हौद्यात कपाट, गाद्या, खोकी. “कोण माणूस?”

“उतरेल तो,” बाबा म्हणाले. वर न बघता, दोर सोडता सोडता.

बाई खाली आल्या तेव्हा जिना चढून-उतरून दोघांचे शर्ट अंगाला चिकटले होते. “तुमचा तिसरा कुठेय? वरून चांगला दिसत होता. दोघं मरमर मरताय आणि तो आपला पाय हलवत बसलाय, कमाल आहे!” त्यांनी खाली उतरवून ठेवलेल्या मशीनकडे बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. “दाबलंच! बघा, सांगत नव्हते मी?”

झाकण मधोमध खोलगट झालं होतं. ओरखडा नाही, कुठे आपटल्याची खूण नाही. पत्रा नुसता हळूहळू खाली गेला होता, जुन्या सोफ्याची गादी बसते तसा.

“चुकलं आमचं,” बाबा म्हणाले.

इंजिनियर त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. हा शब्द त्या तोंडातून निघालेला त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

३

परतीच्या वाटेवर गाडी रिकामी होती. आडरस्ता, एका बाजूला बंद पडलेल्या कारखान्याची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला उतार आणि वाळकं गवत. टळटळीत दुपार. पुढे मागे एक वाहन नाही. मागच्या बाजूनं फट्ट आवाज झाला आणि गाडी डावीकडे लंगडायला लागली.

टायर रिमपर्यंत बसला होता. इंजिनियरनं खिळा शोधला, काच शोधली. काहीच नव्हतं. टायर एका जागी, अगदी खाली, फाटला होता. अति भरलेलं पोतं शिवणीवर उसवतं तसा.

“रिकाम्या गाडीचा टायर असा फुटतो होय?”

“पुढच्या चाकांना दगड लाव,” बाबा म्हणाले.

दगड लावले. फाळका खाली सोडला, हौद्यातून जॅक आणि पाना काढला. ताडपत्री पुढे, त्यानं फेकली होती तिथेच, चुरगळून पडली होती. डावा कोपरा उघडा. त्याच्याकडे बघायचं त्यानं टाळलं आणि आपण टाळलं, याचा त्याला राग आला.

जॅक एक्सलखाली लावून तो दांडा मारायला लागला. या कामाची त्याला सवय होती. रिकामी पिकअप एका हातानं उचलली जाते. आज दोन हात लागले. मग छाती लागली. दांडा वाकतो की काय असं वाटायला लागलं. मागचे पाटे, वजन झेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या, हौदा रिकामा असला की धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. डावीकडच्या पार सपाट झाल्या होत्या.

त्यानं स्वतःला समजावलं. रस्ता उताराचा आहे, वजन एका बाजूला येतं. पाटे जुने आहेत, बसलेत. जॅकचं तेल कमी झालंय. कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून काय झालं, पुस्तकातलं तेवढं अजून आठवत होतं त्याला. तिन्ही कारणं बरोबर होती. तिन्ही मिळूनही पुरत नव्हती.

नट काढले, फाटकं चाक उतरवलं. बाबांच्या पद्धतीत काढलेलं चाक लगेच चासीखाली, गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली आडवं सारायचं. जॅक दगा देऊन गाडी पडलीच, तर ती माणसावर न पडता चाकावर पडते. हा नियम मात्र शहाणपणाचा होता आणि इंजिनियरनं तो पाळला. चाक आत ढकललं. हाताचे तळवे काळे झाले, ते त्यानं पँटला पुसले.

मागून बाबांचा आवाज आला, “स्टेपनी अडकली.”

स्टेपनी गाडीच्या मागच्या भागात, चासीखाली साखळीनं टांगलेली असते. साखळी अर्धी उतरली आणि गंजानं बसली. आता कोणीतरी खाली शिरून हातानं ती ओढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

“मी जातो,” इंजिनियर म्हणाला.

“तू जॅकपाशी बस.”

“मला येतं ते.”

“तू जॅकपाशी बस म्हणतो ना.”

नेहमीचंच. खाली कायम तेच जाणार. पोरगा निकामी, त्याच्या हातून साखळीसुद्धा सुटायची नाही. बाबांनी शर्टाची वरची बटणं काढली आणि ते डाव्या बाजूनं, इंजिनियरच्या गुडघ्याजवळून पाठीवर सरकत आत गेले. बाहेर राहिले फक्त पोटऱ्या आणि पावलं. चपला काढून त्यांनी बाजूला नीट जोडून ठेवल्या होत्या. देवळात जाताना ठेवतात तशा. गाडीखाली जाताना त्यांना चपला काढताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

४

आतून साखळीचा खुळखुळाट येत होता. बाबांचं कण्हणं, मध्येच एक खोकला.

ठक ठक.

दोन. चल. इंजिनियरनं जॅकचा दांडा मारला, गाडी थोडी वर गेली.

ठक.

थांब. तो थांबला.

भिंतीवरून एक पाखरू उडालं. इतकं शांत होतं, की त्याला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. उन्हात जॅकचं लोखंड तापलं होतं. त्यानं मान वळवली आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गवतात काळं काहीतरी दिसलं.

फाटकं चाक. आडवं, निवांत पडलेलं.

तो बघत राहिला. चाक त्यानं चासीखाली ढकललं होतं. ढकललं होतं ना? त्यानं पँटकडे पाहिलं. मांड्यांवर काळे पंजे उमटले होते. म्हणजे ढकललं होतं. मग बाबांनी आत शिरताना बाजूला केलं असेल. अडचण होत असेल त्यांना. पण बाबा तर पाठीवर होते, त्याच्याच डोळ्यांसमोर, आणि चाक रस्त्याच्या पलीकडे.

ठक ठक ठक.

तीन.

खाली सोड.

बाबांची लय होती ती. पहिल्या दोन जवळजवळ आणि तिसरी जरा लांबवून, वैतागल्यासारखी. गेली काही वर्षं हीच लय ऐकून त्यानं कपाटं सोडली होती, दोर सोडले होते. हात आपोआप जॅकच्या तळाच्या स्क्रूवर गेला. तो स्क्रू डावीकडे फिरवला की तेल सुटतं आणि गाडी खाली येते.

त्यानं तो फिरवला. जरासाच.

जॅकनं उसासा टाकला. गाडी नखभर खाली आली. आतला खुळखुळाट थांबला.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. बाबा थापा पान्यानं मारतात. कायम पान्यानं. पाना त्याच्या स्वतःच्या मांडीवर होता.

५

त्यानं स्क्रू उलटा आवळला. इतका की बोटाचं कातडं सोललं.

“बाबा, तुम्ही वाजवलं?”

आतून उत्तर आलं नाही. त्यात नवल नव्हतं. या प्रश्नाला त्यांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं.

“बाबा! सोडू का खाली? नुसतं हो किंवा नाही म्हणा ना!”

ठक ठक ठक.

आता मोठ्यानं. पत्र्यावर. आणि आवाज खालून येत नव्हता. मागून येत होता, उघड्या फाळक्याच्या बाजूनं, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळून.

बाबांचा पाय हलला. अंगठा आखडला, सैल झाला, परत आखडला. बोलायला माणसाच्या छातीत हवा लागते, आणि ती नसली की माणूस पायानं बोलतो. इंजिनियर पोटावर पडला आणि त्यानं गाडीखाली डोकं घातलं.

बाबांचे दोन्ही हात वर, साखळीत अडकलेले. छातीवर स्टेपनी टेकलेली आणि स्टेपनीवर गाडी. चेहरा त्याच्याकडे वळलेला. डोळे उघडे, पण बघत होते त्याच्या पलीकडे, मागच्या बाजूला.

त्यानं त्या नजरेच्या दिशेनं पाहिलं.

लोंबत्या फाळक्याच्या खालच्या कडेखाली उन्हाची एक पट्टी होती. त्या पट्टीत दोन पाय हलत होते. उंच कट्ट्यावर बसून कोणी निवांत हलवावेत तसे. मागे जायचे, पुढे यायचे आणि टाचा पत्र्यावर आपटायच्या. गाडी जॅकवर, हौदा इतका उंच, तिथून कोणाचे पाय इतके खाली येतील? एक पाऊल मागे झुललं आणि तळवा त्याच्याकडे वळला. त्यावर धूळ नव्हती. रेषा नव्हत्या. भेगा नव्हत्या. नुसता गुळगुळीत, टकल्या टायरसारखा झिजलेला.

ठक.

ठक.

तिसरी वाजायच्या आत त्यानं मान बाहेर काढली, जॅकच्या दांड्यावर सगळं अंग टाकलं आणि हाणायला लागला. एकदा, परत, परत. वरून थापांचा मारा सुरू झाला. तीन, तीन, तीन, मध्ये दमसुद्धा न घेता. त्यांत बाबांच्या सगळ्या तऱ्हा होत्या. घाई, चीड, कंटाळा. शेवटी शेवटी तर आजारी माणूस पाणी मागतो तसं आर्जव होतं. आणि इंजिनियर जन्मभर बापाशी जे करत आला होता, तेच त्यानं केलं. ऐकलं नाही.

गाडी बोटभर वर गेली. आत हवा ओढल्याचा भयंकर आवाज झाला. त्यानं दोन्ही पोटऱ्या धरल्या आणि ओढलं. शर्ट फाटला, पाठ सोलली, स्टेपनी साखळीतून सुटून घरंगळत सोबतच बाहेर आली. बाबांचं डोकं चासीखालून निघालं न निघालं तोच जॅक आडवा झाला आणि ब्रेकचा ड्रम दाणकन रस्त्यात रुतला.

धूळ बसली. फाळका नुसता लोंबत होता. तिथे कोणी नव्हतं.

६

बाबा बराच वेळ भिंतीला टेकून बसले होते. श्वास घेताना बरगडीतून शीळ वाजायची. त्यांनी चपला मागितल्या, त्यानं आणून पायात घातल्या.

“दवाखान्यात जाऊ,” तो म्हणाला. “गाडी इथेच राहू दे. चालत जाऊ रस्त्यापर्यंत, कोणीतरी घेईल.”

“चालवत नाही मला. स्टेपनी लाव.”

“परत जॅक लावू? वेड लागलंय का तुम्हाला?”

“आता उचलेल.” त्यांनी डोळे मिटले. “आता हलकी असेल.”

उचलली. एका हातानं. रिकाम्या गाडीसारखी. डावे पाटे धनुष्यासारखे ताणले होते. इंजिनियरनं नट आवळले, समोरासमोरचे, एकाआड एक, बाबांनी शिकवलं होतं तसे. मग जॅक काढला. गाडी खाली बसली आणि स्थिर झाली.

बाबा भिंतीचा आधार घेत उठले. पुढून ताडपत्री ओढली, नीट चार घड्या केल्या, हातानं सुरकुत्या मोडल्या आणि डाव्या कोपऱ्यात ठेवली. पाहुण्याला पाट मांडतात तशी. मग फाळका लावून ते बाजूला झाले.

काही क्षण काहीच झालं नाही. आणि मग गाडी आणखी थोडी बसली. हळूच. फक्त त्या कोपऱ्यात.

इंजिनियर दोन पावलं मागे सरकला. “विकून टाका ना ही.”

“गाडी बदलून बघितली.”

एवढंच. चालवायला तो बसला. बाबा शेजारी, हात छातीशी धरून.

७

रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला बाबा ओठ चावायचे. कॅबिनच्या मागच्या काचेला जुना पुठ्ठा चिकटवलेला होता. आजवर इंजिनियरला वाटायचं, ऊन लागू नये म्हणून.

“आजोबा गेले तेव्हा जॅकपाशी कोण होतं?” त्यानं विचारलं.

भिंत संपली, नुसतं माळरान सुरू झालं, तरी बाबा समोरच बघत होते.

“दादाला मी कधी गाडीवर का आणला नाही, माहितेय तुला?” ते म्हणाले.

“शहाणा आहे म्हणून.”

“ऐकतो म्हणून.” त्यांनी श्वास गोळा केला. “त्याला जॅकपाशी बसवला असता, तर तीन वाजल्यावर त्यानं सोडलं असतं. माझ्यासारखं. निमूटपणे.”

इंजिनियरनं एक खड्डा चुकवला.

“आणि मी?”

“तू आजवर माझं ऐकलंयस काय कधी?”

ते हसायला गेले आणि बरगडी धरून वाकले. त्याला रडू आलं. राग आला, आणि त्यातून रडू. एवढी वर्षं. इंजिनियर म्हणून केलेला अपमान, भंगार म्हणून गाडीत टाकणं. या माणसाला एका वाक्यात सांगता आलं असतं सगळं. नाही सांगितलं. यांची पिढीच तशी. पोराच्या हातात स्वतःचा जीव देतील, पण कारण देणार नाहीत. आणि तरीही त्याच्या छातीत काहीतरी पहिल्यांदाच सैल झालं होतं. आपण निकामी म्हणून नाही, विश्वासाचे म्हणून इथे होतो.

“बाबा,” तो म्हणाला. “आता ऐकत जाईन मी तुमचं. खरंच.”

बाबांनी खाडकन डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते गाडीखालीही नव्हतं.

“नको,” ते म्हणाले. “तेवढं करू नकोस. कधीच नको.” पुढे काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण खोकला आला, खोकल्याबरोबर ओठांवर लाल ठिपका आला, आणि त्यांनी डोकं काचेला टेकलं. “लवकर चल,” एवढंच ओठांतून उमटलं.

त्यानं गाडी दामटली.

आडरस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे उजवीकडे दाट झाडी आहे. पुढे काही दिसत नाही. नेहमी तिथे तो खाली उतरायचा, मागे उभा राहून रस्ता मोकळा झाला की पत्र्यावर दोन थापा द्यायचा आणि बाबा न बघता गाडी काढायचे. आज उतरायला कोणी नव्हतं. त्यानं ब्रेक दाबला, गाडी थांबली. पलीकडे, दूर, दवाखान्याची पाटी दिसत होती. शेजारी बाबांचा श्वास शीळ घालत होता, मध्येच थांबत होता, परत सुरू होत होता. अवजड गाड्या गुरगुरत जात होत्या. झाडांमुळे कुठली जवळ आणि कुठली लांब, काही कळत नव्हतं. बघायचं, मगच निघायचं, त्यानं स्वतःला बजावलं. काहीही वाजो. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

ठक ठक.

मागून. हळू, समजुतीचा आवाज. बाबांच्या लयीत नव्हता तो आता. इंजिनियरच्या स्वतःच्या लयीत होता, तो रोज या वळणावर खाली उतरून थापा वाजवायचा अगदी तसा.

त्यानं मान उजवीकडे वळवली. पण ती वळायच्या आधीच पाय ब्रेकवरून निघाला होता.